अर्पिताची बेकायदा शिकवणी

शिक्षकानं स्वतःच्या मुलीच्या पालकसभेला जाऊ नये, अशा मताचा मी अलीकडे झालो आहे. डॉक्टर म्हणे घरच्या माणसांचं ऑपरेशन करत नाहीत. तसाच एखादा नियम आमच्या खात्यानंही करायला हरकत नाही. मी डोणगावच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. पालकांना समोर बसवून "तुमच्या पाल्याचं लक्ष नसतं" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की आता ते झोपेतही स्पष्ट उच्चारांसह म्हणतो असं सुवर्णा, म्हणजे माझी पत्नी, सांगते. हे वाक्य टेबलाच्या अलीकडून किती गोड लागतं आणि पलीकडून किती कडू, हे मला पलीकडे बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पलीकडे बसलो तो अर्पिताच्या चौथीच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. समोर सारिका मॅडम. या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. एकेकाळी त्यांना मी ऑस्ट्रेलिया नकाशात उलटा काढला म्हणून बाहेर उभं केलं होतं. त्यांनी ते मनात ठेवलं असेल असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मला नको तितका प्रसन्न वाटला.

"सर, अर्पिता हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पन लक्षच नाही. परवा मी झाड आपलं अन्न कसं तयार करते ते शिकवत होती, तं हे खिडकीतून बकरीकडं पाहून राह्यली."

"बकरीही पानंच खात असेल," मी बापाच्या कर्तव्यबुद्धीनं म्हणालो.

"हाव सर. थेच तिनं बी सांगतलं."

मागच्या बाकावरचे दोन-तीन पालक हसले. त्यांतल्या एकाला मी मागच्या आठवड्यात त्याच्या मोठ्या मुलाबद्दल हेच वाक्य ऐकवलं होतं.

घरी आलो आणि सुवर्णाला सगळं सांगितलं. ती गावच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी आली की माझ्या दुखण्याला तिच्याकडे फारसं औषध उरत नाही. ती म्हणाली, "तुमच्यावरच गेली. मी बोलून राह्यली अन् तुमी पेपर पाहून राह्यले."

तेव्हा मी ठरवलं, की हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचा. योगायोगानं खामगावला रविवारी एका डॉक्टरांचं पालकांसाठी व्याख्यान होतं, 'मेंदू ओळखा, मूल घडवा'. मी सकाळच्या एसटीनं गेलो. डॉक्टर फार छान बोलले. पडद्यावर त्यांनी मेंदू दाखवला. तो फुलकोबीसारखा दिसत होता. लहान मुलाचं लक्ष हे तेवढ्यातेवढ्यापुरतंच टिकतं, मेंदूला एका वेळी दोन कामं जमत नाहीत, झोप आणि खेळ चोरून अभ्यास वाढत नाही, हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "मूल जे ऐकतं ते विसरतं. पण जे दुसऱ्याला समजावून सांगतं, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. कारण सांगताना मेंदूला ते परत शोधून काढावं लागतं."

परतीच्या एसटीत मी शेजारच्या प्रवाशाला हे सगळं समजावून सांगितलं. तो मेहकरपर्यंत झोपला. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं.

आमची समता कॉलनी म्हणजे एकाच्या घरात फोडणी पडली की तिघांच्या घरी शिंका. मी खामगावहून मेंदूचं काही शिकून आलो, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. शेजारचे भगवंतराव फाटकावरच उभे होते. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं; निवृत्त झाल्यापासून नियंत्रण करायला त्यांच्याकडे फक्त आमची कॉलनी उरली आहे.

"मास्तर," ते म्हणाले, "कायले खामगावले गेले? पोरीले भिंतीकडं तोंड करून बसवा. आमाले तसंच बसवत."

"फायदा झाला का?"

"भिंतीले किती तडे आहेत थे मी आजबी सांगू शकतो."

त्यांच्या पत्नी सोजराबाईंनी अक्रोड सुचवले, कारण अक्रोड मेंदूसारखा दिसतो. समोरच्या तानाबाईंनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं. ते इतकं थंड होतं, की अर्पिता दोन दिवस शिंकत होती आणि शिंकताना पाढे मागे पडले. मी स्वतः टीव्हीवर चादर टाकली. घरातले दोन्ही मोबाईल संध्याकाळी तांदळाच्या डब्यात ठेवायचे, असा नियम केला. तिसऱ्या दिवशी सुवर्णानं माप बुडवलं आणि माझा मोबाईल तांदळाबरोबर पातेल्यात गेला. पहिलं पाणी ओतल्यावर तो वाजला. आमचे मुख्याध्यापक जानराव सरांचा फोन होता. मी ओल्या मोबाईलवरून "जयभीम सर" म्हणालो, आणि त्यांना पलीकडून फक्त बुडबुडे ऐकू गेले. तो मोबाईल मग त्याच तांदळात वाळवायला ठेवला.

आता राहिलं शेवटचं अस्त्र. मी अर्पिताला म्हटलं, "बेटा, शाळेत जे शिकलीस ते तू कुणाला तरी शिकव. बाहुल्यांना शिकव."

"बाहुल्या काई विचारतच नाही," ती म्हणाली. "तुमी बसा."

मी बसलो. माझी शिक्षकाची वीस-एक वर्षांची नोकरी तिथंच आडवी आली. ती म्हणाली, झाडाचं पान स्वयंपाक करतं. मी म्हणालो, अन्न तयार करतं असं म्हण. ती म्हणाली, सूर्य चुलीसारखा असतो. मी म्हणालो, उदाहरण ठीक आहे, पण हरितद्रव्य राहिलं. थोड्या वेळानं तिनं खडू खाली ठेवला.

"पप्पा, तुमी वर्गात फार बोलता. बाहेर व्हा."

माझ्याच घराच्या पोर्चमधून मला बाहेर काढण्यात आलं. मी फाटकापाशी उभा होतो आणि सोजराबाई कढीपत्ता मागायला आल्या.

"काऊन उभे आहा मास्तर?"

"वर्गाबाहेर काढलंय."

त्यांना हे भलतंच आवडलं. त्या आत जाऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग व पोरी, काय शिकवून राह्यली होती."

सोजराबाईंचं वय सत्तरीच्या पुढं. शाळेत त्या फार थोड्या गेल्या, पण चौकशी करण्याच्या बाबतीत पोलीस खात्यानं त्यांचा सल्ला घ्यायला हवा. कुणाकडे पाहुणे आले, किती दिवस राहणार, जाताना पिशवीत काय होतं, हे त्यांना विचारल्याशिवाय चैन पडत नाही. अर्पितानं पान, सूर्य, पाणी, स्वयंपाक असं सगळं सांगितलं. सोजराबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पान सैपाक करते तं भांडे कोन घासते?"

मी फाटकावरून तोंड उघडणार होतो, तर अर्पितानं डोळे मोठे केले. मग ती पुस्तक घेऊन बसली, आणि मला स्वतःला चिमटा काढून पाहावासा वाटावा इतका वेळ एका पानावरून दुसऱ्या पानावर बोट फिरवत राहिली. रस्त्यानं आइस्क्रीमची गाडी घंटा वाजवत गेली, तिनं मान वर केली नाही.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "त्याच्यात खरकटं नाही उरत. पानाचं जे उरते, थे हवा आहे, अन् थे आपनच घेतो श्वासात."

"अवो माय!" सोजराबाई म्हणाल्या. "म्हंजे आपन झाडाचं उरलंसुरलं खातो." आणि कढीपत्ता न घेताच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधीच हजर.

असा वर्ग सुरू झाला. सोजराबाई आल्या म्हणून तानाबाई आल्या, त्यांच्या मागून त्यांच्या दोन जावा आल्या. अर्पिता सकाळपासून तयारीला लागायची, कारण संध्याकाळी कोण काय विचारेल याचा नेम नव्हता. माशाला तहान लागते का? पोटात भाकर कुठून वळण घेते? रविवारी पृथ्वी फिरायची थांबते का? मधेमधे ती सगळ्यांना उठवून अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लावायची, कारण उड्या मारल्या की डोकं ताजं होतं, हे मी तिला डॉक्टरांच्या नावानं सांगितलं होतं. तानाबाईंच्या धाकट्या जावेनं या वयात दोरीवर उड्या मारल्याचं घरी कळलं आणि तिघींची सासूही दुसऱ्या दिवशी उड्या मारायला आली.

सारिका मॅडमचा फोन आला. "सर, तुमी काय केलं? अर्पिता वर्गात आता इतके प्रश्न विचारते, का माहा धडाच पुरा होत नाही. आंधीची बकरी परवडली."

मलाही अखेर प्रवेश मिळाला, गप्प बसण्याच्या अटीवर, शेवटच्या रांगेत. भगवंतराव मात्र पहिले काही दिवस फाटकाबाहेरच येरझारा घालत होते. त्यांना चहाच्या वेळी बायको घरात सापडत नव्हती. एका संध्याकाळी ते तिला बोलवायला म्हणून आत आले, त्या वेळी सूर्यमाला चालू होती. कोणता ग्रह किती वेळात फेरी पूर्ण करतो, हे ऐकताच त्यांच्यातला कंट्रोलर जागा झाला. "शनीले एवढा उशीर काऊन लागते?" ते उभ्याउभ्याच म्हणाले. आठवड्याभरात ते वर्गाचे मॉनिटर झाले. हातात छडी नव्हती, पण जुनी शिट्टी होती.

आणि अशा सुखाच्या काळात जानराव सरांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशी होतो तसा झाला होता.

"गवई सर, तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आहे. तुमी घरी बेकायदा शिकवणी घेता. रोज दाराशी चपलांचा ढीग असते म्हने. अनुदानित शाळेच्या शिक्षकाले शिकवणी चालत नाही, माहीत आहे ना? खुलासा द्या, नाहीतं चौकशी लागंल."

मी खुलासा दिला. शिकवणी माझी मुलगी घेते आणि विद्यार्थ्यांचं सरासरी वय साठच्या आसपास आहे, हे सत्य मी शुद्ध सरकारी मराठीत लिहिलं. तालुक्याहून उलट विचारणा आली, की कार्यालयाची थट्टा केल्याबद्दल वेगळी कारवाई का करू नये. माणसानं खरं बोलताना थोडं तरी पटण्यासारखं बोलावं, हे मला तेव्हा कळलं.

"सस्पेंड झाले तं घरीच बसा," सुवर्णा म्हणाली. "पोरगी शिकवीलच तुमाले." ती हसत म्हणाली, पण रात्रीची भाजी अळणी झाली होती, आणि ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

हे बोलणं अर्पितानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि बंद केलं. "माह्यामुळं तुमची नोकरी जाईन काय पप्पा?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही. ती खिडकीत जाऊन उभी राहिली, आणि या खेपेला बाहेर बकरीही नव्हती. मला वेतनवाढ थांबेल याचं दुःख होतंच, पण त्या खिडकीतल्या पाठमोऱ्या वेण्यांकडे पाहून झालं तेवढं नाही. "आज वर्ग होईल," मी म्हणालो. "रोजच्यासारखा." आयुष्यात पहिल्यांदाच मी खात्याच्या पत्रापेक्षा मोठ्या आवाजात बोललो. अर्थात खातं तिथं नव्हतं.

पण ते त्याच संध्याकाळी आलं. वर्ग रंगात आला होता, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि काखेत बॅग घेतलेले एक गृहस्थ आत आले. कुणी काही बोलायच्या आत अर्पिता म्हणाली, "नवीन आहा काय? चपला तिकडं काढा. उशीर झाला म्हून मांगं बसा."

ते गृहस्थ बसले. लहान मुलीच्या आवाजात असा हुकूम आला की पुरुष बसतो. ते शासनालाही चुकलेलं नाही. आणि बसले ते नेमके माझ्या शेजारी.

"गवई सर कोन?" ते हळूच म्हणाले.

"मीच."

"मंग हे कोन?"

"आमच्या मॅडम."

"पप्पा, मांगं काय बोलनं चालू आहे?" समोरून आवाज आला, आणि भगवंतरावांनी शिट्टी फुंकली.

ते तालुक्याहून चौकशीला आलेले महादेवराव साहेब होते. उठून त्यांनी तसं जाहीर केलं. तानाबाईंनी दोरी पदराखाली लपवली.

"फी किती घेता?" साहेबांनी विचारलं.

"फी?" सोजराबाई म्हणाल्या. "साहेब, मी इतकं विचारतो या पोरीले, का तिनंच माह्यापासून फी घ्याले पायजे होती. घेत नाही बिचारी."

साहेब बॅगेतून कागद काढत म्हणाले, "अर्जदारानं तं लिहिलं आहे, का या शिकवणीमुळं घरंदारं मोडून राह्यली."

त्यावर भगवंतराव उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली.

"साहेब, थो अर्ज माहा आहे."

सोजराबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की पुढचे काही दिवस भगवंतरावांना आमच्याकडेच चहा घ्यावा लागणार हे सगळ्यांना समजलं.

"बायको घरी नसे चहाच्या टायमाले," ते पुटपुटले. "राग आला. देल्ला टाकून."

"म्हंजे तक्रारदार बी तुमी अन् मॉनिटर बी तुमी?" साहेब म्हणाले.

"अर्ज आंधीचा आहे साहेब. मॉनिटर मंग झालो."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. अशा प्रसंगासाठी त्यात रकाना नसावा. मग त्यांनी चष्मा काढला आणि अर्पिताला म्हणाले, "मॅडम, तुमी सगळ्याइच्या प्रश्नाचे उत्तरं देता म्हने. मंग मले सांगा. मी लहान होतो, साखरखेर्ड्याहून बैलगाडीत येत होतो, तं चंद्र गाडीसंगं येत होता. आता मोटारसायकलनं येतो, तरी येते. थो काऊन येते?"

सगळे अर्पिताकडे बघू लागले. मला उत्तर येत होतं. भूगोलाच्या शिक्षकाला नाही येणार तर कुणाला? ते माझ्या ओठांवर येऊन बसलं होतं. मी ओठ दातांखाली धरले.

"मले माहीत नाही," अर्पिता म्हणाली. "उद्या सांगतो."

साहेब हसले. हसताना ते एकदम वेगळेच दिसले, कुणाच्या तरी मामासारखे. "इतक्या शाळा तपासल्या," ते म्हणाले, "पन 'माहीत नाही' म्हननारा एकबी मास्तर नाही भेटला. चौकशी अपूर्ण आहे. उद्या येतो."

दुसरा दिवस अर्पितानं या प्रश्नामागं घालवला. शाळेत सारिका मॅडमला विचारलं, दवाखान्यात जाऊन आईला विचारलं. मला विचारलं नाही. मी फार बोलतो. दुपारी ती कॉलनीच्या रस्त्यावरून नुसती इकडून तिकडे चालत होती, कधी कडुनिंबाकडे बघत, कधी लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघत. आइस्क्रीमवाल्यानंच थांबून मला विचारलं, "सर, पोरीचं काई हरपलं काय?"

संध्याकाळी साहेब आले ते अहवाल लिहूनच. तो त्यांनी उभ्यानं वाचून दाखवला. अर्जदारानं अर्ज मागे घेतला आहे. शिकवणी घेणारी व्यक्ती खात्याची कर्मचारी नाही. सबब तक्रारीत तथ्य नाही. जानराव सरही मुद्दाम आले होते. त्यांनी माझा हात इतका वेळ हलवला, की मला ते स्वतःच घाबरले होते असा संशय आला. सुवर्णा चहा घेऊन आली, त्यात साखर दुप्पट पडली होती.

"थे झालं," साहेब चहा न घेताच म्हणाले. "चंद्राचं काय?"

"इथं नाही समजत," अर्पिता म्हणाली. "रस्त्यावर चला."

आणि आमची सगळी वरात रस्त्यावर आली. चंद्र चांगला वर आला होता, पाऊण भरलेला. अर्पितानं सगळ्यांना चालायला लावलं. "आता कडुनिंबाकडं पाहा. जवळ आहे, म्हून दोन पावलं टाकले का मांगं राह्यते. आता टाकीकडं पाहा. थे दूर आहे, हळूहळू मांगं राह्यते. आता चंद्राकडं पाहा. थो इतका, इतका दूर आहे, का आपन पुरं डोनगाव चाललो तरी त्याले काई फरक पडत नाही. म्हून वाटते, संगं येऊन राह्यला."

सोजराबाई चालता चालता थांबल्या. "म्हंजे थो येत नाही. आपनच कुठं जात नाही."

"हाव आजी! थेच!"

पण ऐकून कुणाचं भागेना. सोजराबाई टाकीकडे निघाल्या, भगवंतराव, कदाचित सुरक्षित अंतर ठेवायचं म्हणून, उलट्या दिशेनं गावाकडे निघाले, आणि दोन्हीकडून एकाच वेळी ओरडा आला, "माह्याचसंगं येऊन राह्यला!" तानाबाई आणि त्यांच्या जावा मधल्या मधे धावू लागल्या. जानराव सर, जे शाळेच्या जिन्यावरही दम खातात, ते रस्त्याच्या कडेनं झपझप चालले. महादेवराव साहेब काखेत बॅग घेऊन मान वर करून उलटे चालत होते. सुवर्णानं माझा हात धरला आणि म्हणाली, "चला, तुमी बी पाहा," आणि आम्ही दोघंही पळालो. लग्नानंतर आम्ही दोघं एकत्र कधी पळालो होतो, आठवत नाही. बहुधा एसटी पकडायला.

तेवढ्यात खरीच एसटी आली. मेहकरची गाडी. ड्रायव्हरनं एवढी माणसं रस्त्यावर बघून करकचून ब्रेक लावला आणि डोकं बाहेर काढलं.

"काय झालं? अपघात झाला काय?"

"नाही काका," अर्पिता म्हणाली. "चंद्र तुमच्यासंगं येते का नाही, थे पाहा. निघा आता."

ड्रायव्हरनं वर पाहिलं. कंडक्टरनं वाकून पाहिलं. मग एकेक खिडकीतून डोकी बाहेर आली, एका बाईनं आपल्या कडेवरच्या बाळाला उचलून चंद्र दाखवला. भगवंतरावांनी शिट्टी फुंकली, अगदी जुन्या दिवसांसारखी, लांब आणि अधिकारानं, आणि गाडी हलली. वळणापर्यंत खिडक्यांतले हात आम्हाला खुणा करत होते, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "येऊन राह्यला! येऊन राह्यला!"

गाडी वळली. अर्पिता रस्त्याच्या मधोमध स्तब्ध उभी होती, मान वर करून. चंद्र त्यांच्यासोबत मेहकरला गेला होता, आणि आमच्यापाशीही होता.